समोरच्या माणसाची वाक्यं

३ मार्च

पोहोचले एकदाची! लिहायला घर सिनेमाच्या निर्मात्यानं बघून दिलंय म्हटल्यावर मी मनाची सगळी तयारी करून आले होते: गळका नळ, डुगडुगणारं टेबल, खिडकीबाहेर दुसऱ्याची भिंत. पण नाही. वरचा अख्खा मजला माझा. एक ऐसपैस खोली, एक झोपायची, मधे अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. टेबल भक्कम. खिडकीतून उताराचा रस्ता दिसतो, कोपऱ्यावर पावाचं दुकान आहे आणि त्याच्या पायरीवर एक कुत्रं असं पसरलेलं असतं की दुकान त्याचंच वाटावं. घरमालकीण खाली राहते. किल्ल्या देताना तिनं विचारलं, एकट्याच का? मी नुसतं हो म्हटलं. पुढचं सांगितलं की लोकांचे चेहरे पडतात आणि मग मलाच त्यांची समजूत काढावी लागते.

आल्या आल्या भिंतीवरची चित्रं उतरवली आणि कार्डं लावायला जागा केली. एका प्रसंगाला एक कार्ड, ही माझी जुनी पद्धत. भिंत भरली की मगच पटकथा लिहायला घ्यायची. आज मी चक्क गुणगुणत भांडी लावली. बऱ्याच दिवसांनी.

४ मार्च

हा सिनेमा डॉक्टरवर आहे. डॉक्टर म्हणजे माझा नवरा. दातांचा डॉक्टर, पण काळीज लोण्याचं. इंजेक्शन देताना पेशंटपेक्षा याचंच तोंड वेडंवाकडं व्हायचं. प्रत्येकाला आधी सांगायचा, थोडंसं दुखेल हं, आत्ताच माफी मागून ठेवतो. गेल्या वर्षी दवाखान्यातच, दोन पेशंटांच्या मधे, हात धुता धुता गेला. आमचा तरुण दिग्दर्शक म्हणाला, मॅडम, तुमचीच गोष्ट लिहा. मी आढेवेढे न घेता हो म्हटलं. पडद्यावर का होईना, तो दोन तास हिंडेल, बोलेल, त्याला न पाहिलेली माणसंही त्याला जीव लावतील. मला एवढंच हवंय. तो जसा होता तसा कुठेतरी राहावा.

लिहिलेलं मी मोठ्यानं वाचते, येरझाऱ्या घालत. खोटं वाक्य डोळ्यांना फसवतं, कानांना नाही. घरी बाईची वाक्यं मी म्हणायची आणि समोरच्या माणसाची डॉक्टरनं, स्वयंपाकघरातून, कांदा चिरता चिरता. खुनी असो, प्रियकर असो, म्हातारी असो, सगळ्यांना एकच सूर, वाणसामान सांगितल्यासारखा. मी चिडायचे. तो म्हणायचा, बाईसाहेब, वाक्य चांगलं असेल तर माझ्या वाचण्यानंही ते मरणार नाही.

आज वाचताना त्याच्या वाक्यापाशी आपोआप थांबले. सवय, दुसरं काय. फ्रिज घुरघुरत राहिला. पुढचं वाचवेना.

७ मार्च



दुपारी पहिल्या भेटीचा प्रसंग वाचत होते. माझं वाक्य झालं, थांबले, आणि स्वयंपाकघरातून त्याचं वाक्य आलं. त्याच सपाट सुरात. अडखळला तेसुद्धा त्याच्या ठरलेल्या जागी, जोडाक्षराशी. मी धावत गेले. कोणी नव्हतं. परत येऊन पुढचं वाक्य म्हटलं. पुन्हा उत्तर आलं. अख्खा प्रसंग आम्ही दोघांनी वाचला. शेवटी मी जमिनीवर बसून अशी रडले की खालून घरमालकिणीनं हाक मारली. मी सांगितलं, काही नाही, काम चांगलं चाललंय.

माझं डोकं फिरलं असेल तर फिरू दे. ज्याला कोणाला मला शहाणं करायचं असेल त्यानं जरा उशिरा यावं.

११ मार्च

एक गोष्ट कळली. तो लिहिलेलंच बोलतो. मी आपलं काहीबाही विचारून पाहिलं: बरा आहेस का, थंडी वाजते का, माझी आठवण येते का. शांतता. मग टेबलाशी बसून त्याच्या नावापुढे वाक्य लिहिलं, ‘मी इथेच आहे.’ खोलीच्या मधोमध उभं राहून माझं वाक्य म्हटलं. आणि त्यानं म्हटलं, मी इथेच आहे.

स्वतःच लिहायचं आणि स्वतःच ऐकून विरघळायचं! नवख्या लेखकाला मी यावरून किती हसले असते. पण आज दिवसभर हेच केलं. भराभर लिहिलं. पहिला खर्डा झाला. त्यातला डॉक्टर हुबेहूब आहे.

१५ मार्च

दिग्दर्शक येऊन गेला. आधी भरपूर कौतुक केलं, तेव्हाच मी ओळखलं. मग गाडी मुद्द्यावर आली. म्हणाला, मॅडम, माणूस फारच चांगला आहे. प्रेक्षक झोपतील. त्याला काहीतरी खोट द्या. चिडका करा. एकदा त्याचा हात उठू दे.

मी म्हटलं की त्याचा हात डासावरसुद्धा उठायचा नाही. तो म्हणाला, खऱ्या माणसाचा नसेल, पण हे पात्र आहे. हेच मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांना शिकवत आले. पात्र सरळ असेल तर त्याला वाकडं कर, गोष्ट आपोआप हलते. किती जणांच्या आया, काका, मास्तर मी असे वाकडे केले असतील.

संध्याकाळपर्यंत तो प्रसंग लिहिला. जेवण गार झालंय म्हणून तो ताट भिरकावतो आणि बायकोच्या थोबाडीत मारतो. सांगायला लाज वाटते, पण प्रसंग उत्तम उतरला.

१६ मार्च

वाचला. या वेळी त्याचा सूर सपाट नव्हता. डॉक्टरला कधी अभिनय जमला नाही. आज जमला. नको इतका जमला. वाक्य संपलं आणि स्वयंपाकघरात काचेचं ताट फुटलं.

तुकडे गोळा केले. बोट कापलं. फडताळाचं दार नीट लागलं नसेल, असं स्वतःला सांगितलं.

१८ मार्च

धाकट्या बहिणीचा फोन. इकडचं तिकडचं झालं, आणि मग ती सहज म्हणाली की सिनेमात भावजींचा रागही दाखवशील ना? मी विचारलं, कसला राग? ती म्हणाली, ताई, आता तरी झाकू नकोस. माझ्या लग्नात तुझा गाल सुजला होता, मीच पावडर लावून दिली होती.

मी तिच्यावर ओरडले. तिच्या लग्नात डॉक्टर मुलांबरोबर वेड्यासारखा नाचला होता, पँट उसवेपर्यंत! ती हळूच म्हणाली, ताई, भावजी लग्नाला थांबलेच कुठे होते?

फोनमधला त्या दिवसाचा फोटो काढून पाहिला. त्यात त्याचा हात माझ्या खांद्यावर होता, मी शपथेवर सांगते. आता मी एकटीच उभी आहे. पावडर जास्त झालीये.

१९ मार्च

म्हणजे मी जे लिहिलं ते झालं. आत्ता, इथे नव्हे, तेव्हा झालं. मी माझ्या हातानं त्याला तसा केला. ज्याला जपायला आले त्याचंच मी हे केलं.

ते कार्ड फाडलं, पानं जाळली. पहिला खर्डा घेऊन वाचायला उभी राहिले. दवाखान्यातला प्रसंग, सगळ्यांत साधा, सगळ्यांत गोड. त्यानं आपलं वाक्य म्हटलं. थोडंसं दुखेल हं, आत्ताच माफी मागून ठेवतो.

शब्द तेच. पण हे मारणाऱ्या माणसाच्या तोंडचं होतं. आणि स्वयंपाकघरातून आलं नाही. बोळातून आलं.

२१ मार्च

घरमालकिणीनं जिन्यात गाठलं. म्हणाली, मिस्टर आलेत ते सांगितलं नाहीत. जरा हळू बोलायला सांगा त्यांना. मग तिची नजर माझ्या मनगटावर गेली आणि आवाज उतरला. म्हणाली, काही लागलं तर माझं दार उघडंच असतं, मुली.

मनगटावर चार बोटं उमटली आहेत. कधी, ते आठवत नाही. गेल्या वर्षीची असावीत तशी पिवळी पडली आहेत.

२३ मार्च

दिवसभर त्याला परत चांगला लिहायचा प्रयत्न. तो मला हसवतो, असं लिहिलं. कशानं हसवायचा? कागदावर पेन टेकवून बसले. तो रस्त्यानं काय गुणगुणायचा? ताप आला की कपाळावर हात ठेवायचा, की पायाशी बसायचा? मी हाक मारते आणि समोर ते ताट येतं. फक्त ते ताट.

या रोजनिशीत ४ तारखेला त्याच्याबद्दल लिहिलंय. वाचलं. एखाद्या परक्या माणसाचं वर्णन असावं तसं वाटलं. कोण होता हा? किती चांगला होता. मला भेटला असता तर —

दिग्दर्शकाचा फोन. जाळण्याआधीच मी पाठवलेली ती पानं वाचून खूश आहे. म्हणतो, आता गोष्टीत जीव आला.

२४ मार्च

आज मी काहीच वाचलं नाही. तरी तो बोलला.

माझं वाक्य. बाईचं. बोळातून. आणि मग थांबला. मी समोरच्याचं म्हणावं म्हणून.

मी तोंडात पदर कोंबून बसले.

२५ मार्च

बहिणीला सगळं सांगितलं. ती निघालीये, सकाळी पोचेल. बॅग भरली आहे. जिना तीन पावलांवर आहे, कोणी अडवत नाही. घरमालकिणीचं दार उघडं आहे.

जात का नाही मी?

कारण तो आवाज. बाकी सगळं गेलं. हसणं गेलं, नाचणं गेलं, खांद्यावरचा हात गेला. आवाज तेवढा अजून त्याचा आहे. इथून गेले तर तोही — मग माझ्याकडे काहीच —

दुपार

एकच उपाय दिसतो. त्याला जाऊ द्यायचं. प्रसंग लिहिलाय. दवाखाना, बेसिन, पाणी वाहतंय. तो विचारतो, मी जाऊ? ती म्हणते, जा. संपलं. बास. एका शब्दाचं काम आहे.

खोलीच्या दाराला आतून कडी घालून वाचायला उभी राहते. ही वही हातातच ठेवते, धरायला काहीतरी हवं.

त्यानं विचारलं. दाराच्या पलीकडून, अगदी जवळून. आणि सपाट सुरात! वाणसामान सांगितल्यासारखं. जोडाक्षर नसतानाही अडखळला. माझा डॉक्टर. देवा, हा माझा —

नाही. फसू नकोस. कागदावर काय आहे ते वाच.

तो थांबलाय. माझ्या वाक्यासाठी.

कागदावर ‘जा’ लिहिलंय. माझ्याच अक्षरात. मी तोंड उघडलं. मोठ्यानं म्हटलं. स्वतःच्या कानांनी ऐकलं.

मी ‘ये’ म्हटलं.

कडी —