उरलेल्या गोळ्यांचा खण

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (खरं म्हणजे सध्या सातच अंगं हजर आहेत. डावी पोटरी अजून वाकायला तयार नाही, तिचा नमस्कार मागाहून येईल.)

तुमची तब्येत ताईने फोनवर सांगितलीच, तेव्हा आधी ताईची कशी आहे ते कळवावं. तिला डॉक्टरला दाखवायचं आहे आणि सोबतीला तुम्ही जाणार, हे ऐकून फार बरं वाटलं. आजाऱ्यांच्या घोळक्यात बसलं की धडधाकट माणूसही आजारी पडतो, असं तुमचं चाळीस वर्षांचं मत. तरी लेकीसाठी तुम्ही तिथल्या बाकावर जाऊन बसलात, याला म्हणतात बापाचं काळीज. मला तुमचा जिना चढवत नाही, म्हणून हे पत्र ताईच्या हाती देतो आहे. तिचा नंबर येईपर्यंत वाचायला होईल.

तुमचा निरोप पोचला. उजव्या हाताला कुत्रा चावून पाच दिवस झाले, सूज मनगटाच्या वर चढली, मूठ वळत नाही, कप डाव्या हाताने धरता, आणि त्यावर इलाज म्हणून मी ऑफिसातल्या आपल्या खणातून सहा गोळ्या पाठवायच्या. चावला तोही घरचाच, आणि का, तर त्याला खोकला झाला म्हणून तुम्ही स्वतःच्या साठ्यातली अर्धी गोळी त्याच्या घशात घालत होता. (ही तिसरी खेप होती, असंही ताई म्हणाली. मामा, तुमचा दिलदारपणा माणसांपुरता राहिला असता तर त्या मुक्या जिवावर ही वेळ आली नसती.) गोळ्यांचं सांगतोच. पण आधी माझी हकीकत ऐका. मी जिन्यावरून पडलो म्हणून तीन आठवडे दवाखान्यात होतो, असं तुम्हाला कळवलं होतं. ते खोटं. मीच सगळ्यांना तसं सांगायला लावलं होतं.

झालं असं की त्या दिवशी माझी विजेची अकरा मीटर वाचायची उरली होती. दहा झाली. अकरावं जिन्याखाली, चपलांच्या मांडणीमागे, आणि मांडणीपुढे गोणपाटावर एक म्हातारा कुत्रा झोपलेला. कुत्र्यांचं आणि आपल्या खात्याचं नातं तुम्हाला मी काय सांगावं? पोस्टमन निदान पत्र तरी आणतो, आपण नुसता आकडा घेऊन जातो. घरच्या बाई वरून म्हणाल्या, "जा हो बिनधास्त, तो काही करत नाही." मी वाकून टॉर्च लावला, आणि झोत मीटरवर पडायच्या आधी त्याच्या डोळ्यांत पडला. आपल्या झोपेत कोणी असं केलं तर आपणही काही त्याला चहा विचारणार नाही. त्याने पोटरी धरली आणि (त्याच्या बाजूने हे सांगायलाच हवं) लगेच सोडलीही. बाई धावत खाली आल्या. "अगंबाई, आजच कसं केलं यानं! तुम्ही घाबरला असाल. माणूस घाबरला की त्याला बरोब्बर कळतं." मी म्हटलं, "बाई, मी चावल्यानंतर घाबरलो." तरीही मी आकडा टिपूनच निघालो. (तो चुकीचा निघाला. त्या घराला गिरणीएवढं बिल गेलं. माझ्या मनात तसं काही नव्हतं, पण बाईंना ते पटलेलं नाही.)

जखम तिथेच नळाखाली साबणाने धुतली. रेबीजची इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू केली आणि तारखांप्रमाणे सगळी घेतली. याचं कारण माझी शिस्त नव्हे. ती औषधं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात आणि आपल्या ऑफिसात फ्रिज नाही. असता तर तीही आपण वाटून घेतली असती. डॉक्टरबाईंनी जखम पिकू नये म्हणून सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या मात्र मी आणल्या नाहीत. आपला खण असताना दुकानात जायचं म्हणजे घरी जेवण तयार असताना खाणावळीत जाण्यासारखं. खणात पाच जातींच्या गोळ्या होत्या. त्यातल्या पिवळ्या घेतल्या, कारण त्या जास्त दिसल्या.

तिसऱ्या दिवशी बरं वाटलं. रीतीप्रमाणे थांबलो आणि उरलेल्या खणात परत टाकल्या. पाचव्या दिवशी पोटरी दुधी भोपळ्याएवढी झाली, पँट वर सरकेना, अंगात ताप. रिक्षातून दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली, वास घेतल्यासारखं नाक केलं आणि विचारलं, "गोळ्या किती दिवस घेतल्या?"

"तीन."

"मी सात दिवस लिहिलं होतं."

"हो, पण आमच्यात तीनच घेतात."

"आमच्यात म्हणजे?"

मग मला त्यांना खण पहिल्यापासून सांगावा लागला. मामा, मी अभिमानाने सांगितला. की कपाटाचा तिसरा खण, नऊ वर्षं त्याची किल्ली माझ्याकडे, त्याआधी माझ्या मामांकडे. की आमच्या कामात माणशी वर्षाला एक चावा धरलेलाच. की फार पूर्वी एका सहकाऱ्याचा पाय पिकला आणि औषधाची सोय नव्हती, तेव्हा मामांनी आपल्या औषधातल्या उरलेल्या चार गोळ्या त्याला दिल्या आणि तो वाचला. तेव्हापासून रीत पडली, बरं वाटलं की थांबायचं आणि राहिलेल्या पुढच्यासाठी ठेवायच्या. खणात मामांच्या अक्षरात चिठ्ठीसुद्धा आहे, "घ्या, पण मागच्यासाठी ठेवा." आपल्यातला एकजण एकदा सातही दिवस गोळ्या खाऊन मोकळा झाला, त्याला आम्ही अजून "सातदिवशा" म्हणतो, हेही मी सांगितलं. (त्याचा चावा पुन्हा कधी चिघळला नाही, हे सांगताना माझ्याच लक्षात आलं, पण तोवर वाक्य तोंडातून गेलं होतं.) बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, भारावल्या.

त्या भारावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "अहो, अर्धवट औषधाने लेचेपेचे जंतू मरतात, म्हणून तुम्हाला बरं वाटतं. दांडगे मागे राहतात आणि त्यांचीच पोरंबाळं वाढतात. पुढच्या वेळी तीच गोळी पुढे आली की ते तिला जुमानत नाहीत. कधी कधी तीन दिवसही पुरतात, नाही असं नाही. पण कुठली गोळी, किती दिवस, हे डॉक्टरने ठरवायचं. तुमच्या कपाटाने नाही." मी म्हटलं, कपाट चांगल्या मनाने ठेवलेलं आहे. "ते दिसतंच आहे," त्या म्हणाल्या, आणि मला भरती करून घेतलं.

पू तपासायला लॅबमध्ये गेला. दोन-तीन दिवसांनी लॅबवाल्या बाईंनी मला चाकाच्या खुर्चीतून बोलावून घेतलं, कारण असा रुग्ण बघायची त्यांना उत्सुकता होती. टेबलावर एक झाकणाची बशी. बशीभर सायीसारखे जंतू वाढवलेले आणि त्यावर टिकलीएवढे सात कागद, प्रत्येकात एकेक औषध. ज्या औषधाला जंतू भितात, त्याच्या कागदाभोवती स्वच्छ मोकळं गोल मैदान दिसतं. मैदानं दोनच होती. उरलेल्या पाच कागदांना जंतू असे खेटून बसले होते, जसे काही घरचेच. मी खालची नावं वाचली. मामा, ती आपल्या खणाची यादी होती. एकही नाव चुकलं नव्हतं.

लॅबवाल्या बाई म्हणाल्या, "ही तुमची मंडळी."

मी म्हटलं, "कुत्र्याची म्हणा."

"त्याच्या तोंडातलीही आहेत थोडी. पण ही जी एवढी माजलीत ना, ही माणसाच्या कातडीवर राहणारी. बहुतेक तुमचीच, घरची."

म्हणजे कुत्र्याने फक्त दार उघडून दिलं. आत शिरले ते मीच नऊ वर्षं तालीम देऊन तयार केलेले. त्या म्हाताऱ्याला आठवडाभर मी मनात काय काय बोललो होतो, ते सगळं मागे घेतलं. (तुमच्या कुत्र्याचं मात्र मला तसं सांगता येत नाही. तीन वेळा अर्धी अर्धी गोळी त्याच्या तोंडात गेलेली आहे. त्याच्याकडचेही आता थोडेफार शिकलेले असणार.)

त्यानंतरचे दिवस मी लांबण लावून सांगणार नाही, कारण त्यात मला विनोद सापडत नाही. पोटरी दोनदा चिरून साफ केली. उरलेल्या दोन औषधांपैकी एक सलाइनमधून सुरू केलं. ते लागू पडेल की नाही हे कळायला दोन दिवस लागतील, आणि नाही पडलं तर गुडघ्याखाली काय करायचं ते बोलू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. ते दोन दिवस मी चादरीतून पायाच्या बोटांकडे बघत पडलो होतो. पायी हिंडून पोट भरणारा माणूस बोटांकडे कसा बघतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

रोज कोण येत होतं, सांगा. सातदिवशा. माझ्या भागाची मीटर वाचून, घामाघूम होऊन यायचा, स्टुलावर बसायचा. पुढे गोळ्या सुरू झाल्यावर मी गोळी गिळेपर्यंत हलायचा नाही. "आ कर," म्हणायचा, "जिभेखाली नाही ना ठेवलीस खणासाठी?" अकरा वर्षं आम्ही त्याला हसलो, त्याने एवढ्यावरच भागवलं. मी माफी मागितली तर म्हणाला, "जाऊ दे रे. मला तेव्हा भीती वाटली होती म्हणून सगळ्या खाल्ल्या. हुशारीबिशारी काही नव्हती त्यात."

खण मी रिकामा केला. गोळ्या दवाखान्याच्या औषध विभागात देऊन आलो, ते त्यांची नीट विल्हेवाट लावतील. तुमची चिठ्ठी तेवढी जपून ठेवली आहे. डॉक्टरबाईंना मी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, की पाय पिकलेला तो माणूस त्या दिवशी माझ्या मामांमुळे वाचला आणि ते कोणी खोडून काढायचं नाही. त्या म्हणाल्या, "कोण खोडतंय?"

मामीस नमस्कार. कुत्र्याला मारू नये, त्याच्या जागी मीही चावलो असतो.

तुमचा भाचा

ता. क. पाकीट उलटं करून झाडू नका. त्यात गोळ्या नाहीत.

ता. क. दुसरा. ताईला काहीही झालेलं नाही. घोड्यासारखी ठणठणीत आहे. नंबर तुमच्या नावाचा आहे, आणि आत बसल्यात त्या याच डॉक्टरबाई. त्यांना सगळं माहीत आहे. रागावणार नाहीत, तुमच्या वाटचं मला आधीच रागावून झालं आहे. तुमच्यापुढे पाच माणसं असतील असं ताईने विचारून ठेवलं होतं, आणि हातात घेतलेला कागद तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सोडत नाही, म्हणून पत्र त्या मापाने लिहिलं. कुत्र्याची हकीकत दोन माणसांपुरती, खण एका माणसापुरता, बाकीचं उरलेल्या दोघांपुरतं. लबाडी केली खरी. पण सरळ "डॉक्टरकडे चला" म्हटलं असतं तर तुम्ही आला असतात का? आता ताडकन उठून चालू लागू नका. दारात ताई उभी आहे, आणि हट्टाच्या बाबतीत ती तुमच्यावर गेली आहे.

ता. क. तिसरा. नाव पुकारलं की आत जा आणि हात पुढे करा. कुत्र्याच्या इंजेक्शनांचंही विचारा, ती तुमची राहिली आहेत. आणि त्या ज्या गोळ्या लिहून देतील, जितक्या दिवसांच्या देतील, त्या सगळ्या घ्या. कुत्र्याला नाही, मामीला नाही, मला नाही. जन्मभर तुम्ही प्रत्येक गोष्टीतलं मागच्यासाठी काढून ठेवलंत, मामा. एवढं एक औषध सगळंच्या सगळं एकट्याने संपवा.