लिऑनला उलटी फिरलेली गाडी

रविवार, १० ऑक्टोबर २००४
लिऑन, स्पेन

या गावात यायचं नव्हतंच मला. ट्रेनिंगला सुट्टी, म्हणून वायादोलिदहून सगळ्यात स्वस्त गाडी पकडून एकटीच डोंगराकडं निघाले होते. लिऑनला गाडी उलटी फिरते, हे तिकीटवाल्यानं हातवारे करून सांगितलं होतं. मी पडले दौंडची! उलटी फिरणार म्हणजे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावणार, अर्धा तास निवांत. बॅग सीटवर ठेवून कॉफी प्यायला उतरले. दोन घोट घेते न घेते तोच गाडी सुटली. स्वेटर आणि आईच्या शेंगदाण्याच्या चटणीसकट.

मग काय, दिवसभर गावात पायी भटकले. चर्चच्या रंगीत काचा बघितल्या. सुंदर होत्या, पण डोक्यात तो अर्धा तासच. आप्पा दौंडला इंजिनं सोडायचे, जोडायचे. एक इंजिन सुटून दुसरं लागेपर्यंत मी फलाटावर डबा घेऊन हजर. त्यांचे हात ग्रीसनं काळे, म्हणून घास मीच भरवायची. तेवढाच अर्धा तास आप्पा माझे असायचे.

आत्ता बूथवरून घरी फोन केला. आप्पा खो खो हसले. मग म्हणाले, "आन् इंजिन कुणी सोडलं गं?"

"कुणीच न्हाई, आप्पा. गाडीला दोन्हीकडं केबिन हाय. ड्रायव्हर नुसता चालत या टोकाचा त्या टोकाला गेला."



"मंग तिथल्या पोरी डबा कुणाला नेत्यात?"