अलेज्ड लिफ्ट

३ मार्च
छापून आलं! आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टला मी इंग्रजी पेपरातल्या माझ्या सदरात चक्क 'अलेज्ड' म्हटलं. दोन वर्षं नुसतं दार आणि बटण. बटण दाबलं की दिवा लागतो — लिफ्ट येत नाही. चौथ्या मजल्यावर माझी आई गुडघे धरून बसलीय, तिसऱ्यावर वॉकरवाले आजोबा. दोघांना रस्ता दिसतो तो खिडकीतून.

४ मार्च
सोसायटीचे चेअरमन दारात, पेपर नाचवत. "खोटी म्हणता आमच्या लिफ्टला?"
खोटी कुठे म्हटलं! अलेज्ड म्हणजे कुणीतरी ठासून सांगतंय, पण सिद्ध व्हायचंय. सांगणारे तुम्ही. मी आपली वाट बघतेय.
"दिवा लागतो ना?"
दिवा फ्रिजमध्येही लागतो. आईला त्यात बसवून खाली पाठवू?

६ मार्च
चेअरमनांच्या वकिलाची नोटीस. मग संपादक फोनवर — "बाई, माफी मागा, नाहीतर सदर बंद."
आई म्हणते, "माघार घेतलीस तर माझ्याशी बोलू नकोस."
इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्हींत पाणी भरपूर.

७ मार्च
माफी लिहिली! "लिफ्ट सुरू होताच शब्द जाहीरपणे मागे घेईन, तोही लिफ्टमध्ये उभी राहून." संपादक खो-खो हसले. छापतायत.

१२ मार्च
शब्द सुटलाय गावभर. दूधवाला म्हणतो, "पिशवी अलेज्ड लिफ्टपाशी ठेवलीय." पोरं चेअरमनांना 'अलेज्ड काका' म्हणतात. हा मात्र शब्दाचा दुरुपयोग. ते गृहस्थ पुरते सिद्ध झालेले आहेत.

२९ मार्च
लिफ्ट आली!!
नाकाला मिरच्या झोंबल्या की मोटरसुद्धा मिळते म्हणायची. ठरल्याप्रमाणे मी आत उभी राहून शब्द मागे घेतला, चेअरमन मान डोलवत ऐकत होते. तिसऱ्यावर दार उघडलं, आजोबा वॉकरसकट आत. खाली पोचले तेव्हा थेट फाटकापर्यंत गेले आणि रस्त्यावर उभे राहिले. असं हरायलाही नशीब लागतं!
आई मात्र आली नाही. "गुडघे गं."

३० मार्च
वॉचमननं विचारलं, "आजोबांचा पेपर न्यायला तुमच्या आई आज आल्या नाहीत? रोज तुम्ही गेलात की जिन्यानं टणाटण उतरतात."
वर जाऊन आईपुढे उभी राहिले. तिनं मान वर न करता विचारलं, "माझे गुडघे नसते दुखले, तर त्या बिचाऱ्यासाठी तू पेन उचललं असतंस?"