अर्ध्या मिलिमीटरचा वारसा

मी, खाली सही करणारा, वय चौपन्न, धंदा फोनचे सांगाडे आखणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहितो. परवा माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. एक भाग बिघडला म्हणून डॉक्टर अख्खा माणूस टाकून देत नाहीत. एवढी अक्कल फोन विकणाऱ्यांना असती, तर या कागदाला दोन ओळी पुरल्या असत्या.

१. राहतं घर आणि शिल्लक पत्नीला. तिला फोनमध्ये काडीचा रस नाही. या घराण्यात हीच विद्वत्ता.

२. मी फोन असा आखला की बॅटरी, कॅमेरा, पडदा, जे बिघडेल तेवढंच खाचेतून सरकवून बदलावं. आमच्या विक्रीप्रमुखाने त्यातून दर हंगामाला नव्या रंगाचा कॅमेरा काढला आणि लोकांनी चांगले चालणारे कॅमेरे उकिरड्यावर टाकले. त्यांतले मी वेचून आणलेले, पोतंभर, त्यालाच द्यावेत. ‘निसर्गप्रेमी हिरवा’ वर ठेवावा.

३. कंपनीचा मालक, माझा धाकटा भाऊ, याला पर्यावरण पुरस्काराची ढाल. ती प्लास्टिकची असून डिंकाने चिकटवली आहे, उघडत नाही. दोघांचं जमेल.

४. आता मुद्द्याचं. धाकट्याला खाच अर्ध्या मिलिमीटरने रुंद करायची आहे. म्हणजे आजवरचा प्रत्येक सुटा भाग एका रात्रीत भंगार. “दादा, जग पुढे गेलं,” म्हणतो. गेलं असेल, पण कचरा इथेच टाकून गेलं. खाचेच्या मापाचा हक्क माझ्या एकट्याच्या नावावर आहे, माझ्या संमतीवाचून ते बदलता येत नाही. माझ्यामागे संमती कोणाची? पत्नी मऊ आहे. धाकटा दारात येऊन रडला, तर ती चहा टाकेल आणि सहीही करेल.

म्हणून हा हक्क मी दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नीस, म्हणजे शेजारच्या वहिनीस देतो. सामाईक भिंतीत मला एक खिडकी हवी होती. नकाशा नेला, “नाही.” गवंडी नेला, “नाही.” मी बोलणं टाकलं, तिला शांतता आवडली. माझा पहिला फोन ती अजून वापरते. प्रदर्शनासाठी मागितला, बदल्यात नवा देऊ केला.

“बिघडलाय का हा, भावोजी?”

“नाही.”

“मग तुमचा नवा तुम्हीच मिरवा.”

खाचेबाबत कोणीही तिला फोन करू नये. समक्ष जावं, तिच्या डुगडुगत्या खुर्चीत बसावं आणि विचारावं.

५. खिडकीची मागणी मी याद्वारे कायमची मागे घेतो. हे आज सकाळी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मरायचं निमित्त काढून खिडकी मागताय होय? मिळायची नाही.”

वारस योग्य निवडल्याची खात्री पटल्याने खाली सही करतो.

साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य (सही). २. कोपऱ्यावरचा चष्मेवाला (सही).
स्थळ: माझं स्वयंपाकघर, बिनखिडकीच्या भिंतीपाशी.
दिनांक: ९ मार्च, नव्या फोनच्या घोषणेचा आदला दिवस.