पृथ्वी लिहा, तारा गा

१ डिसेंबर २०२०, मंगळवार
ऑफिसात छाटणी. टोकियोच्या क्लायंटसाठी जपानी येणारी एकच जागा राहणार. कोणी बोललं नाही, पण दावेदार दोनच: मी आणि गौरव. मी इकडे परदेशात येण्याआधी पुण्यात जपानीच्या तीन परीक्षा दिल्यात (पास दोन). अठराला क्लायंटची ऑनलाइन पार्टी, प्रत्येकाने जपानी गाणं म्हणायचं. जागा खिशात.

३ डिसेंबर
गौरवने गाण्याचा छापील कागद आमच्या लेटरबॉक्समध्ये टाकला. आमच्या ब्लँचर्डस्टाउन उपनगरापर्यंत बसने येऊन. का?

५ डिसेंबर
सापडलं! कागदावर जपानी अक्षरं 'पृथ्वी'ची. उच्चार दाखवायला डोक्यावर बारीक अक्षरं असतात, ती म्हणतात 'होशी', म्हणजे तारा. पुढे लिहिलंय 'अंतराळ', डोक्यावर 'आकाश'. अशा अकरा जागा. एवढ्या चुका आपोआप होत नसतात.

६ डिसेंबर
बायको नीलिमा हॉस्पिटलातल्या ड्यूटीवरून आली. म्हणाली, मूळ गाणं एकदा ऐक तरी. लिंकही गौरवनेच पाठवलीय. ऐकणार नाही.
मैत्रेयी म्हणे, जपानी गाण्यांत असंच असतं, लिहितात एक, गातात दुसरं, इट्स ग्रँड (म्हणजे इथल्या भाषेत 'ठीकच आहे'), बाबा. अकरा वर्षांच्या पोरीला काय कळतंय? शिवाय तिला गौरवकाका आवडतो. लक्षात ठेवलं.

९ डिसेंबर
व्हाइटनरने बारीक अक्षरं बुजवली. आता शुद्ध डिक्शनरीप्रमाणे. रोज एक तास रियाज.

१० डिसेंबर
रियाज नाही. घसा जपला.

१४ डिसेंबर
शब्द लांब, चाल अपुरी. संगीतकार कच्चा असावा.

१८ डिसेंबर, सकाळी ९ (टोकियोत संध्याकाळचे ६)
गायलो. 'पृथ्वी' चालीत मावेना. चाल पुढे, मी मागे. क्लायंटचे साहेब ओकुमुरासान सोबत गायला लागले होते, ते मध्येच थांबले. भारावले असणार. म्हणाले, उच्चार फार अचूक, सरकारी घोषणा ऐकल्यासारखं वाटलं. विचार करून कळवतो म्हणाले.
गौरव गायलाच नाही. घाबरला.

२२ डिसेंबर
मेल आली. यापुढे सगळं इंग्रजीतच चालेल, जपानीची जागा रद्द. माझी नोकरीही जानेवारीअखेरपर्यंतच.
गौरवला फोन करून यथेच्छ झापलं. तो म्हणाला, त्याने नोव्हेंबरातच राजीनामा दिलाय, बायकोची बदली लांब एनिस गावी झाली म्हणून. जागा मला मिळावी यासाठी ओकुमुरासानांचं आवडतं गाणं, मूळ बारीक अक्षरांसकट, शोधून आणून दिलं होतं.

२३ डिसेंबर
म्हणजे जागा एक, उमेदवारही एकच. फार लाज वाटली.
नीलिमाला नोकरीचं सांगितलं. गौरवचं नाही. संध्याकाळी ती म्हणाली, गौरव जातोय म्हणे एनिसला, एकदा जेवायला बोलावू या.
मी म्हटलं, नको, कोविड आहे.