घडीवरून कापलेला फोटो

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की,

खट्ट! तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मागचं अंगण, काळ्या कापडात डोकं खुपसलेला फोटोवाला, हलू नका म्हणून त्यानं भरलेला दम आणि मग पेटीचं झाकण पडावं तसा तो खट्ट. लगेच तू भोकाड पसरलंस. आईच्या मांडीवर तू आणि शेजारी नवा पट्टा लावून ताठ उभा मी. मनातल्या मनात शाळेतली कविता म्हणत होतो, कारण कविता सुरू असली की माझी चुळबुळ थांबायची.

तू विश्वासानं पाठवलेल्या त्याच फोटोचं मी पान केलं आहे. तुझ्या वाढदिवसाला दुसरं काय देणार? आमच्या ग्रंथालयात शनिवारी चिकटवहीचा वर्ग भरतो, अगदी नवशिक्यांचा. शिकवणाऱ्या बाईंना आम्ही कात्रीबाई म्हणतो, त्यांनाही ते ठाऊक आहे. सामान काय, तर कात्री, पट्टी, पेन्सिल, डिंक आणि जाड रंगीत कागद. मी जन्मभर जमिनीचे नकाशे काढले, तरी पहिल्याच दिवशी बाईंनी माझा कागद उचलून विचारलं की आजोबा, हे पान आहे की रद्दीची पुडी? सगळा वर्ग हसला. मीही हसलो.

मग शिकलो. एका पानावर एकच गोष्ट सांगायची, बाकीचं छाटायचं. आधी सगळं नुसतं मांडून बघायचं, डिंकाला हात शेवटी लावायचा. आणि फोटो मुळीच चिकटवायचा नाही; कागदाचे तिकोनी कोपरे करून त्यांत अडकवायचा. आधी नक्कल काढून घ्या असंही त्या म्हणाल्या होत्या, पण नकलेत काय जीव असतो? फोटोच्या उजव्या बाजूला ती जुनी घडी होती. तेवढा भाग काढून टाकला, त्यामुळे चौकट सुटसुटीत झाली. खाली माझ्याच दोन ओळी:

एक अंगण, एक आई, दोन तान्ही पाखरे,
काळ गेला, ऊन तेव्हाचे मनातुन ना सरे.

पान आवडलं का ते कळव. चष्म्याच्या दुकानातून सवड काढ आणि चार ओळी तरी लिही. म्हाताऱ्या भावावर माया आहे तशी राहू दे.

तुझा,
भाऊ

ता.क. तान्हा मी नव्हतो हे मला माहीत आहे. वृत्तात बसवावं लागतं.

९ फेब्रुवारी

ती. भाऊस,
सा. न. याच्यापुढचं लिहायला हात होत नाही.

काल दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना पाकीट फोडलं. त्या माणसाच्या डोळ्यांवर चाचणीची चौकट तशीच ठेवून मी आत गेले आणि किती वेळ बाहेर आलेच नाही. बिचारा भिंतीवरची अक्षरं पुन्हा पुन्हा वाचत बसला होता म्हणे.

एक आई आणि दोन पाखरं? मोजायला कधी विसरलास रे? अंगणात आणखी एक माणूस होतं. वहिनी होती, आपल्या थोरल्याची बायको. ठिपक्यांची साडी नेसून तुझ्या शेजारी, कडेला उभी होती. 'जुनी घडी' म्हणे! ती घडी आपोआप पडली होती का? वहिनी घरातून गेली त्या दिवशी बाबांनी फोटो चौकटीतून काढला, ती दिसणार नाही असा दुमडला आणि परत चौकटीत घातला. बाबा गेल्यावर मी तो मागून घेतला, जाड ठोकळ्याखाली ठेवून सरळ केला. बाबांनी तिला नुसतं दुमडलं होतं. तू कापलंस.

आणि कापायलाही नीट जमलं नाही तुला. दुकानातल्या भिंगाखाली धरून बघितलं. तुझ्या खांद्यावर तिची बोटं तशीच राहिली आहेत. बाई छाटली आणि बोटं ठेवलीस. शोभलं नकाशेवाल्याला!

फोटो माझा होता. तुला पान करायला दिला होता, निवाडा करायला नव्हता दिला. तो तुकडा मला परत हवा. बाकी माया वगैरे नंतर बघू.

तुझी,
धाकटी

१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. तू मागितले नाहीस तरी देतो.

मोठ्या भावाला पत्रातून कानफटात मारण्याची रीत तू कोणत्या शाळेत शिकलीस? पंधरा दिवस वाकून वाकून मी ते पान केलं. मान आखडली, अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडला. त्याबद्दल एक शब्द नाही, आणि त्या बाईंसाठी मात्र पानभर आक्रोश!

हो, मुद्दाम कापलं. घडी आयतीच होती, घडीवरूनच कात्री चालवली. त्या बाई आपल्या कोण? थोरल्याशी पटलं नाही म्हणून पेटी उचलून चालत्या झाल्या. मी शाळेतून आलो तर घरात सामसूम. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कार्यक्रमात माझी कविता होती, त्यांनी यायचं कबूल केलं होतं. मी व्यासपीठावरून दाराकडे बघत राहिलो आणि तिसऱ्या कडव्यावर अडखळलो. पोरं आठवडाभर चिडवत होती. जिला निरोप घ्यावासाही वाटला नाही, तिला मी माझ्या पानावर का जागा द्यावी? एका पानावर एकच गोष्ट, हा नियमच आहे.

तुकडा नाही. संपला. त्याचा विषय पुन्हा काढू नकोस.

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

भाऊ

२१ फेब्रुवारी

भाऊ,

मायन्याला शब्द सुचत नाही, म्हणून नुसतंच भाऊ.

तुकडा संपला म्हणालास. कसा संपला ते मला काल कळलं. फोटो तुझ्या त्या तिकोनी कोपऱ्यांतून सोडवायला घेतला. कोपरे पांढरे आणि गुळगुळीत, मला वाटलं चांगला कागद आहे. एक उलटला तर आत ठिपके. दुसऱ्यात कान. तिसऱ्यात हनुवटी. भाऊ, तू वहिनीचे चार तुकडे करून पालथे घातलेस आणि त्यांत आईला अडकवलंस! कागद कमी पडला होता का तुला? माझी नात शेजारी होती, तिनं विचारलं की आजी, ही कोण? 

आता ऐक. तू शाळेत होतास. मला ताप होता म्हणून मी घरी होते. वहिनीनं शिवणाच्या कारखान्यात काम धरलं होतं आणि थोरल्याला ते खपलं नाही. ती गेली नाही, तिला घालवली. बाबांनी तिची पेटी पायरीवर ठेवली. ती रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली की धाकट्या भावजींना शाळेतून येऊ द्या, त्यांना सांगून जाते, उद्या त्यांची कविता आहे. बाबांनी दार लावून घेतलं. समोरच्या दुकानाच्या फळीवर ती बसून राहिली, तर थोरला जाऊन तिला तिथूनही उठवून आला. आई चुलीशी उभी होती, तोंडातून ब्र काढला नाही तिनं. ती आई तुझ्या पानाच्या मधोमध, आणि जी तुझ्यासाठी थांबली ती कोपऱ्याला!

हे तुला आधी का सांगितलं नाही म्हणशील. किती वेळा सुरुवात केली! वहिनी म्हटलं की तू उठून चपला घालायचास. ऐकायचं कधी होतं तुला? कवितेला चाल कोणी लावून दिली, ओळीत कुठे थांबायचं ते पाठीवर बोट टेकवून कोणी शिकवलं, हे तरी आठवतं का, की तेही छाटलंस?

ती आहे अजून. मी तिच्याशी फोनवर बोलते, पहिल्यापासून. गुडघे गेलेत, कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाही. कोपऱ्यांचं तिला सांगताना मला रडू फुटलं आणि ती हसत सुटली. मला तिच्या हसण्याचाही राग आला.

पान परत पाठवते आहे. जोडता आलं तर जोड. नाही आलं तर मला पत्र लिहू नकोस.

धाकटी

१ मार्च

चि. धाकटी,

आशीर्वाद घे किंवा घेऊ नकोस.

तुझं पत्र आलं तेव्हा मी इतका भडकलो की पान टेबलावर आपटलं. तुझ्यावर भडकलो. मग बाबांवर, थोरल्यावर, आणि चुलीशी गप्प उभ्या राहिलेल्या आईवरही. तिच्यावर मी जन्मात चिडलो नव्हतो. मेलेल्या माणसांवर चिडण्यात काही अर्थ नसतो, ती उलटून बोलत नाहीत. मग उरलं कोण? कात्रीबाईंवर ओरडलो की छाटा छाटा काय शिकवता. त्यांनी शांतपणे विचारलं की नक्कल काढा असंही मीच सांगितलं होतं ना, आजोबा? त्यांच्यावरही चिडता येईना.

कोपरे ओलसर फडक्यावर ठेवून डिंक सोडवला. जाड कागदावर पट्टी लावून तुकडे जुळवतो आहे. ठिपके जुळले. कान जुळला. कपाळाशी एक चीर राहते, कारण कात्रीनं खाल्लेलं परत येत नाही. सकाळपासून तीच चीर बुजवतो आहे आणि मोठमोठ्यानं स्वतःला शिव्या घालतो आहे. शेजाऱ्यांना वाटलं घरी कोणी आलं आहे. तुझाही राग गेलेला नाही, हेही लिहून ठेवतो. इतकी वर्षं फोनवर बोलत होतीस, आणि मी चपला घातल्या तर माझा हात धरून मला खाली बसवता आलं नाही तुला?

बेल वाजते आहे. थांब, बघून येतो.

आलो. नीट लिहिता येत नाही, तरी घाईनं लिहितो. दारात एक म्हातारी आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून आली आहे आणि कठड्याला धरून धापा टाकते आहे. मी खुर्ची आणायला म्हणून आत आलो आणि हे लिहीत बसलो आहे, इतका मी वेडा झालो आहे. मी ओळखलं नाही. तिनं माझ्या डिंकाच्या बोटांकडे पाहिलं आणि विचारलं की भावजी, आत घेता, की दारातूनही कापता?