आम्रपालीच्या गोळ्या माझ्याकडे

७ जुलै, सोमवार
आजपासून रोजनिशी. आम्रपालीच्या स्तनाचं ऑपरेशन झालं, रेडिएशन संपलं. आता रोज एक गोळी, पाच वर्षं. अशा वेळी घरात एकाने तरी डोकं शांत ठेवायला हवं. तो मी. हिंजवडीत अख्खी टीम सांभाळतो, एका गोळीचं काय घेऊन बसलात. बायकोला सांगितलं, तू फक्त बरी हो, औषधं माझ्याकडे. ती बरं म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच बरं म्हणते.

डॉ. मिसबा शेख यांच्याकडे अण्णाही आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. गाडीत पुढे बसतात आणि धायरी फाट्यापासून मला ड्रायव्हिंग शिकवतात. डॉक्टरांनी विचारलं, हा कॅन्सर हॉर्मोनवर वाढणारा आहे, दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत का? प्रश्न आम्रपालीला होता, पण ती खिडकीबाहेर बघत होती. मग मीच सांगितलं, काही नाही.

तसं म्हटलं तर एक चालू आहे. मूल होऊ नये म्हणून घ्यायची. हॉस्पिटलात बंद होती, घरी आल्यावर मीच परत आणून दिली. पण त्याला काय औषध म्हणतात? आणि सासऱ्यांच्या देखत सुनेच्या त्या गोळीचं नाव काढायचं म्हणजे काय. प्रसंगावधान राखलं.

२० जुलै, रविवार
वारांच्या खणांचा डबा आणला. प्रत्येक खणात कॅन्सरची गोळी, शेजारी ती दुसरी. दोन्ही पांढऱ्या. मोबाईलवर अलार्म. आम्रपालीला डबा दाखवला. छान आहे म्हणाली आणि सोमवारचं झाकण उघडून परत लावलं. कौतुक करायचा तिचा स्वभाव पहिल्यापासूनच नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
डॉक्टरांनी परत तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडायच्या आत आम्रपालीने सांगून टाकलं. गोळीचं नाव, कधीपासून, सगळं. अण्णांसमोर. अण्णा चष्मा पुसत राहिले. मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही, छत जागेवर होतं.

डॉक्टर मात्र माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, ती हॉर्मोनचीच गोळी आहे. एक गोळी त्या हॉर्मोनला दाराबाहेर थोपवून धरते, दुसरी त्यालाच पाट मांडून जेवायला वाढते. आजपासून बंद. शिवाय कॅन्सरच्या गोळीवर दिवस राहिले तर बाळाला धोका, म्हणून तेही होता कामा नये. हॉर्मोन नसलेला उपाय करा. तिला कॉपर-टी, नाहीतर तुमची नसबंदी. तोवर कंडोम, न चुकता.

घरी आल्यावर आम्रपालीने डब्यातून एकेक गोळी वेचून काढली. मी म्हणालो, नुकसान झालंच असेल असं नाही. ती म्हणाली, त्या दिवशी मी गप्प बसले, कारण तू इतक्या खात्रीने बोललास. मला काय वाटायला हवं ते कळेना. काही वाटलं नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार
निर्णय झाला. नसबंदी मी करणार. तिच्यावर आधीच एवढं ऑपरेशन झालंय, आता माझी पाळी. बिनटाक्याची असते, थोड्या वेळात घरी. फक्त लगेच लागू होत नाही, तीन महिन्यांनी तपासणी करून खात्री करायची. म्हणजे जितकं लवकर तितकं बरं. विसर्जनाआधीच उरकतो. आम्रपालीला सांगितलं. बरं म्हणाली.

६ सप्टेंबर, शनिवार
विसर्जन. निम्मे रस्ते बंद, जाणार कसा? माणसाने काही गोष्टी समजून घ्याव्यात.

२८ सप्टेंबर, रविवार
दसऱ्याला अण्णांना दीक्षाभूमीला न्यायचंय. नागपूरपर्यंत बॅगा उचलायच्या आणि त्यात ताजं ऑपरेशन. अण्णा म्हणाले, बॅग माझी मी उचलतो, तू आधी ते उरकून घे. म्हणजे माझा निर्णय त्यांना माहीत आहे. आता घरात काही खाजगी राहिलेलं नाही. या वयात त्यांना बॅग उचलू देणं मला पटत नाही.

कंडोमचं एकदा राहून गेलं. एकदाच. अपवाद.

१३ ऑक्टोबर, सोमवार
आम्रपालीची पाळी चुकली. मी म्हणालो, या औषधाने मागेपुढे होते, मी वाचलंय. ती म्हणाली, डॉक्टरांना तू काही नाही म्हणालास, तेव्हाही मी ऐकलं होतं.

सकाळी टेस्ट केली. एकच रेघ. म्हणजे काही नाही. मी दाराबाहेरूनच म्हणालो, बघ, उगाच घाबरलीस. ती बाथरूममधल्या स्टुलावर बसून होती, नळाकडे बघत. दोन आल्या असत्या तर, असं तिने विचारलं. मी म्हणालो, मग बघितलं असतं. ती म्हणाली, हो, मी बघितलं असतं.

कंपनीची बस चुकली. दिवसभर मीटिंगा झाल्या. कोण काय बोललं, आठवत नाही.

निश्चय: दिवाळी झाली की लगेच.

११ नोव्हेंबर, मंगळवार
अखेर जमवलं. डॉक्टर ठरवला, शुक्रवारची रजा मंजूर करून घेतली. मॅनेजरला कारण सांगितलं नाही, पण चेहऱ्यावर थोडं दिसू दिलं. असा निर्णय किती पुरुष घेतात? रात्री जेवताना जाहीर केलं. अण्णा ताटाकडे बघत राहिले. आम्रपाली म्हणाली, रजा नको घेऊस. दिवाळीनंतरच मी कॉपर-टी बसवून घेतलीय.

कोणाबरोबर गेलीस, विचारलं. रिक्षाने, म्हणाली. मला सांगायचं ना, म्हटलं. त्यावर ती म्हणाली, सांगितलं असतं तर तू आला असतास, आणि डॉक्टरांशी तूच बोलला असतास. रागावलेली नव्हती. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

दुखलं का, विचारलं. तेव्हा दुखलं, म्हणाली आणि अण्णांना आमटी वाढली.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून खरं लिहितो. तिने सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, सुटलो. लाज नंतर वाटली, अण्णा ताट घेऊन उठले तेव्हा.

शुक्रवारची रजा रद्द करून टाकली.